दुसऱ्या किल्लीचा माणूस

एका सर्व्हरची किल्ली माझ्याकडे होती असे आज सांगितले, तर महाविद्यालयातले माझे जुने सहकारी हसतील. ग्रंथपाल म्हणून मी आयुष्य काढले ते तालिकापत्रांच्या लाकडी खणांपाशी. ग्रंथालयात संगणक आला तेव्हा मी त्याच्यावर कापडी खोळ शिवून घातली आणि निवृत्तीची वाट पाहिली. पुढे मात्र, ज्या वयात माणसे उद्यानातल्या बाकावर रुजू होतात त्या वयात, मला त्या खोळीखालच्या वस्तूची ओढ लागली. त्याचे कारण मला अजून नीट सांगता येत नाही.

लहान ग्रंथालयांसाठी तयार झालेली ती एक मोफत प्रणाली होती. तिचा मूळ आराखडा सर्वांना खुला होता. कुणीही ती वापरावी, कुणीही दुरुस्त करावी. विदर्भातल्या कितीतरी खेड्यांमधली वाचनालये तिच्यावर पुस्तकांची देवघेव करत. अडचण आली की तिथले ग्रंथपाल एका चर्चापीठावर प्रश्न लिहीत, आणि ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देई. हे चर्चापीठ ज्या सर्व्हरवर, म्हणजे दूर कुठेतरी सतत चालू असणाऱ्या ज्या संगणकावर राहत असे, त्याची जागा एक शैक्षणिक संस्था आम्हांला विनामूल्य देत होती. त्यांची अट एकच होती. सांभाळणारे दोघे असले पाहिजेत. एकट्याच्या हाती किल्ली असली आणि तो आजारी पडला किंवा रुसला, की सगळ्यांचेच दार बंद होते, हा त्यांचा अनुभव होता. एक माणूस गेला तर मार्चअखेरीच्या आत दुसरा द्यायचा, नाहीतर जागा सोडायची.

आमच्यातला पहिला माणूस शहराबाहेरच्या वाडी भागात एका मालवाहतुकीच्या गोदामात संगणक सांभाळणारा तरुण होता. त्यानेच मला सारे शिकवले. रविवारी सकाळी तो माझ्या बैठकीत बसे आणि मी एकेक अक्षर शोधत आज्ञा टंकत असे. "सर, भिऊ नका जी," तो म्हणे, "मशीन चावत नाही. चावली तं मले चावन." वर्षभरानंतर त्याने माझे नाव दुसऱ्या किल्लीसाठी दिले. त्या दिवशी मी घरात कुणाला काही बोललो नाही, पण दुपारची झोप मला लागली नाही.

चर्चापीठ माझ्यासाठी काय होते, हे इथे सांगितले पाहिजे. चार माणसांत मला बोलता येत नाही. महाविद्यालयाच्या सभांमध्ये मी कधी बोललो असेन तर ते खिडकी बंद करू का, एवढेच. तिथे मात्र कुणी विचारले की मी लिहीत असे. सावकाश, वाक्य तपासून, आणि पलीकडचा माणूस ते शांतपणे वाचत असे. कुणी माझे वाक्य मधेच तोडत नसे. माणसांशी बोलण्याची माझी अशी ती एकच जागा होती.

जानेवारीतल्या एका रविवारी तो तरुण आला आणि संगणक न उघडताच बसला.

"सर, मले आता होऊन नाही राहिलं," तो म्हणाला. "पुण्याची नोकरी पक्की झाली. पोरगी लहान हाये. मार्चपर्यंत हाये मी. तवर तुम्ही माणूस पाहा, शिकवाचं माझ्याकडे."

"मी पाहू?"

"मग कोण पाहीन? मी वाडीच्या ट्रकवाल्यायले विचारू काय?"

मी आवाहन लिहायला घेतले. पहिल्या मसुद्यात 'तातडीने गरज आहे' असे होते. ते मला उर्मट वाटले, म्हणून 'गरज भासू शकते' असे केले. शेवटी जे प्रसिद्ध झाले त्यात प्रणालीचा इतिहास होता, आजवरच्या सर्वांचे आभार होते, आणि तळाशी असे वाक्य होते: 'ज्यांना सवड व रुची असेल त्यांनी या कार्यात सहभागी होण्याचा विचार करावा, आग्रह नाही.'

प्रतिसाद भरभरून आले. स्तुत्य उपक्रम. आपल्या निःस्वार्थ सेवेस वंदन. आम्ही सदैव आपल्या पाठीशी. खाली जोडलेल्या हातांची चित्रे इतकी होती, की पान सरकवता सरकवता माझे बोट दुखले. नाव एकाचेही नव्हते.

"हे आवाहन हाये का निरोपाचं भाषण?" तरुणाने विचारले. "लोकायले वाटलं, तुम्हीच चालले. सर, तुम्ही कोणाले काही मागतलंच नाही."

मग मी एका माजी विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. तो इथेच एका संगणक कंपनीत आहे. त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, हवेबद्दल बोललो, आणि फोन ठेवला.

तरुणानेच शेवटी बोट दाखवले. "नरखेडकडच्या त्या ताई हायेत ना, त्यायलेच विचारा. पण जाऊन विचारा. फोनवर तुम्ही गुडघ्यावरच थांबसान."

या ताई नरखेड तालुक्यातल्या एका गावी वाचनालय चालवत. सुरुवातीला चर्चापीठावर सर्वांत जास्त प्रश्न त्यांचे असत. गेले वर्षभर मात्र इतरांच्या प्रश्नांना माझ्या आधी त्यांचीच उत्तरे येऊ लागली होती. मी भेटायला येतो असे त्यांना कळवले आणि फेब्रुवारीत एसटीने निघालो. विचारायचे वाक्य मी वाटेत मनाशी घोकले. काटोलपर्यंत ते पाठ झाले होते.

वाचनालयाच्या दारात रांगोळी होती. आत खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि फलकावर माझ्या नावापुढे 'सत्कार' असे लिहिलेले होते. मी काही मागायला आलो आहे हे तिथे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. अध्यक्ष संत्र्यांची बाग असलेले एक गृहस्थ होते. ते बराच वेळ बोलले. "असे लोक हायेत म्हणून हे चालून राहिलं," ते म्हणाले. "नाहीतर आजकाल फुकटात कोण कोणाचं दार उघडते?" टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. दोन शब्द बोला, असे म्हणाले. मी उभा राहिलो. पाठ केलेले वाक्य जिभेवर होते, पण हातात नारळ घेऊन माणसाने मदत कशी मागावी हे मला सुचले नाही. मी आभार मानले आणि बसलो.

जेवण ताईंच्या घरी होते. पाटवडीचा रस्सा आणि पोळ्या. ताई वाढत होत्या आणि त्यांच्या सासूबाई दाराशी बसून देखरेख करत होत्या.

"घ्या जी सर, अजून एक."

"नको, खरंच पुरे."

"पुरे कसं? दोन पोळ्यायनं काय होते?"

"नाही, ताई. पोट भरलं."

"विचारून काय राहिली वं?" सासूबाई ओरडल्या. "पावणा कधी हो म्हणते काय? वाढ!"

पोळी पानात पडली. मी हात आडवा धरला तेव्हा त्यावर रस्सा आला. आणि खरे सांगायचे तर मला भूक होती, मी ते सारे चवीने खाल्ले.

हात धुऊन आम्ही ओसरीत बसलो. ताईंनी बडीशेपेची वाटी पुढे केली. आता मी ते वाक्य म्हटले. सर्व्हरसाठी दुसरी व्यक्ती हवी आहे, न मिळाल्यास चर्चापीठ मार्चअखेर बंद होईल, आपण ते सांभाळाल का.

ताईंच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"मी? काहीतरीच काय जी सर! मले कुठं जमते ते? मी बारावी झालेली बाई. तुम्ही एखादा इंजिनिअर पाहा ना."

"हरकत नाही, ताई," मी लगेच म्हणालो. "मी समजू शकतो. तुमच्यावर ओझं टाकायचं नव्हतं मला. अजून दोघातिघांशी बोलणार आहेच मी."

त्या माझ्याकडे क्षणभर पाहत राहिल्या, जणू माझे वाक्य अजून संपायचे होते. मग उठल्या आणि माझ्यासाठी पिशवीत संत्री भरू लागल्या. बसमध्ये मला हलके वाटले. विचारायचे होते ते विचारून झाले होते, आणि कुणावर भीड पडली नव्हती.

"त्या नाही म्हणाल्या," एवढेच मी तरुणाला सांगितले. तो खोकी बांधत होता. "अस्सं?" म्हणाला, आणि सुतळी तोडली. तो पुण्याला गेला. ज्या दोघातिघांशी बोलणार होतो त्यांच्याशी मी बोललो नाही. ते दोघेतिघे नव्हतेच. मार्चच्या मध्यावर मी संस्थेला कळवले की दुसरी व्यक्ती उपलब्ध होऊ शकत नाही, तरी आपण जागा परत घ्यावी. नंतर चर्चापीठावर तशी सूचना लावली.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला.

"सर, बंद होऊन राहिलं हे खरं हाये काय?"

"हो."

"मंग तो दुसरा माणूस?"

"मिळाला नाही, ताई."

मग त्या म्हणाल्या, "मले वाटलं, तुम्हाले कोणी चांगला भेटला. म्हणून तुम्ही परत विचारलं नाही."

"तुम्हीच नाही म्हणाला होतात."

"म्हटलं ना जी. पण तुम्ही एकदाच तं विचारलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी घरी सांगूनही ठेवलं होतं, का सरायनं परत विचारलं तं हो म्हणीन. सासूबाई म्हणे, इतवारी दुपारी मी वाचनालयात बसत जाईन, तू शिक."

मी त्याच दुपारी संस्थेला लिहिले. उत्तर सभ्य होते. जागा दुसऱ्या प्रकल्पाला दिली गेली होती. पुढील वर्षी दोन अनुभवी सांभाळकांच्या नावांसह नव्याने अर्ज करता येईल. आमच्यातला अनुभवी माणूस तर पुण्यात होता. त्याला फोनवर सारे सांगितले, जेवणासकट. तो आधी हसला.

"तीनदा नाही म्हणून पोळी खाल्ली न सर तुम्ही? मंग त्या बाईले एका नाहीवर काहून सोडून देलं?" मग तो हसायचा थांबला. पाठीमागे त्याची मुलगी रडत होती. "जाऊ द्या," तो म्हणाला.

चर्चापीठावरचे सगळे जुने प्रश्न आणि उत्तरे मी माझ्या संगणकात उतरवून घेतली. ती आहेत. पण तिथे आता कुणी काही विचारू शकत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी कन्हानच्या एका वाचनालयाचा प्रश्न आला. वार्षिक अहवाल छापताना बाद केलेली पुस्तकेही मोजली जात होती. ती वगळायची कशी? उद्या अहवाल द्यायचा होता. त्याखाली ताईंनी लिहिले होते, 'थांबा, सर सांगतील.' उत्तर त्यांना ठाऊक होते. मागच्या वर्षी हीच अडचण त्यांनीच एकाला सोडवून दिली होती.

मी लिहायला बसलो. शेवटचे उत्तर आहे, तर ते निर्दोष असावे असे वाटले. पायऱ्या क्रमाने मांडल्या. एक वाक्य क्लिष्ट वाटले, ते मोडून दोन केली. 'कृपया' दोनदा आला होता, एक काढला. पुन्हा एकदा वाचून पाठवायची कळ दाबली, तेव्हा पान उघडेना. पुन्हा दाबली. दुपारपर्यंत मुदत होती, पण संस्थेने सर्व्हर आधीच बंद केलेला होता.

विचारणाऱ्याचे नाव तिथे नव्हते, फक्त गावाचे होते. उत्तर माझ्याकडे तसेच आहे. कन्हान इथून काही लांब नाही, बसने सहज जाता येईल. वाचनालय कुठे आहे, ते मात्र उतरल्यावर कुणाला तरी विचारावे लागेल.