दुसऱ्या माणसाचा रकाना

गल्लीत तिला सगळे कुबडीताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पण कुणाला पत्ता सांगायचा झाला की "त्या कुबडीताईच्या कारखान्याच्या पलीकडचं घर" असं. तिच्या कानावर ते येई. सुरुवातीला लागायचं, मग अंगवळणी पडलं. नाव कामावरून पडतं, आणि काम तर तिचं तेच होतं. लाकडाच्या कुबड्या आणि हातकाठ्या.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. लेथ, पट्ट्याची करवत, लाकूड वाकवायला वाफेची पेटी, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या जोड्या. वरच्या दोन खोल्यांत ती राहायची. वय बावन्न. लग्न व्हायचं होतं, पण तेवढ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. पुढची सात वर्षं ती त्यांना कुशीवर वळवत राहिली. तोवर विचारणारेही थकले. बाबा गेले, आणि दादा दहाव्याच दिवशी दूरच्या शहरात आपल्या संसारात परत गेला. वर्षातून एकदा फोन करायचा. "बरी आहेस ना?" असं विचारायचा, आणि उत्तर येण्याआधीच "बरं बरं" म्हणायचा.

गल्लीच्या टोकाला मोठं सरकारी रुग्णालय होतं. तीस वर्षं तिथला भांडारपाल चिठ्ठी पाठवायचा, "मोठ्या वीस, मधल्या दहा." आधी बाबा, नंतर ती, हातगाडीवर माल घालून पोचता करायची. एक दिवस चिठ्ठीऐवजी भांडारपाल स्वतःच आला. दारात उभा राहून चष्मा पुसत राहिला, तेव्हाच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"ताई, चिठ्ठी बंद झाली. आता सगळी खरेदी टेंडरने. तीही पोर्टलवर."

"मग मी भरते टेंडर."

"भरा ना. पण खाटा, चाकाच्या खुर्च्या, स्ट्रेचर, कुबड्या, सगळं एकत्र मागवलंय. वर तीन वर्षांची मोठी उलाढाल दाखवायची." तो खाली बघत म्हणाला, "वाईट नाही तसं. कुणी उठून आपल्या मेहुण्याला काम देणार नाही आता. पण तुम्ही त्यात बसत नाही."

त्यानंतरची दोन वर्षं दुकानदारांच्या किरकोळ मागणीवर गेली. महिन्याला कशाबशा पंधरा जोड्या. पॉलिशवाले काका बाबांच्या वेळेपासून होते. त्यांनी एक दिवस आपला डबा उचलला आणि म्हणाले, "दोघांना पुरेल एवढं काम नाही, ताई. मी लेकीकडे जातो." ते गेल्यावर खोलीत लेथचाच काय तो आवाज उरला. लेथ थांबला की तोही नाही. कधीकधी संध्याकाळी तिच्या ध्यानात यायचं, की सकाळपासून आपण एक शब्द उच्चारलेला नाही. मग ती बाजारात जायची आणि जे घ्यायचं नाही त्याचेही भाव विचारायची.

अशीच एकदा ती झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकान चालवणारी बाई चटपटीत होती, लोकांचे ऑनलाइन अर्जही भरून द्यायची. तिने आपणहून विषय काढला. "ताई, रुग्णालयाचं नवं टेंडर निघालंय. कुबड्या सोळाशे जोड्या. तुम्ही नाही भरणार?"

"मी बसत नाही त्यात."

"कोण म्हणालं? लघुउद्योग कार्यालयात विचारून तर बघा. विचारायला काय जातं?"

विचारायला अर्धा दिवस गेला, दोन बस बदलाव्या लागल्या. कार्यालयात शेवटच्या टेबलावर एक पिकल्या केसांची बाई बसली होती. तिने टेंडरची पानं बोटाला थुंकी लावून एकेक उलटली. "तुमची लहान उद्योग म्हणून नोंदणी आहे?"

"नाही."

"आज करून जा. नोंदणी असली की अनामत रक्कम माफ, उलाढालीची अटही शिथिल. आणि तुमचा दर सगळ्यांत खालच्या दराच्या जवळपास असला, तर तोच दर मान्य करून चौथा हिस्सा मागता येतो."

"मग हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

बाई हसली. "नियम आपणहून चालत येत नाही हो. त्याला हाताला धरून आणावं लागतं. मंगळवारी रुग्णालयात निविदापूर्व बैठक आहे. तिथे कुणालाही शंका विचारता येते. जा आणि विचारा, की खाटा आणि कुबड्या एका गाठोड्यात कशासाठी?"

मंगळवारी ती गेली. लांब टेबलाभोवती अकरा माणसं होती. सगळी कंपन्यांची, दोघं-तिघं मिळून आलेली, एकमेकांना ओळखणारी. तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. एकाने तिला पाहून पाणी मागितलं. तिने उठून जग त्याच्याकडे सरकवला आणि परत बसली. मग त्याला कळलं, आणि तो पाणी न पिताच कागद चाळू लागला.

खरेदी अधिकाऱ्यांनी विचारलं, "आणखी कुणाची शंका?"

तिचा दिवसच्या दिवस न वापरलेला आवाज एकदम कसा निघणार? पहिला शब्द घोगराच आला. "कुबड्या वेगळ्या का नाही मागवत, साहेब? खाटा करणारा कुबड्या करत नाही. तो बाहेरून आणून देणार. मग करणाऱ्याकडूनच का घेत नाही?"

"एकत्र घेतलं की सोयीचं पडतं."

"कुणाच्या सोयीचं?" ती बोलून गेली आणि स्वतःच दचकली. पण आता थांबणं बरं दिसलं नसतं. "आणि तुमच्या कागदात दोनच मापं आहेत. बुटक्या माणसाला उंच कुबडी दिली की त्याचा भार काखेवर येतो, हात बधिर होतो. तो मग तुमच्याकडेच येतो ना, दुसऱ्या खिडकीवर?"

कोपऱ्यात बसलेल्या भांडारपालाने मान खाली घातली. तो हसत होता. अधिकाऱ्यांनी समोरच्या वहीत काहीतरी टिपलं. "लेखी द्या," एवढंच म्हणाले.

तिने लेखी दिलं. बारा दिवसांनी शुद्धिपत्रक निघालं. कुबड्या आणि काठ्या वेगळ्या काढल्या होत्या, मापं चार केली होती. झेरॉक्सवालीने तो कागद छापून तिच्या हातात दिला आणि टाळी वाजवली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. दोघीच हसल्या.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला बसल्या. नोंदणी क्रमांक झाला, पत्ता झाला, मापं, लाकूड, दर झाले. मग पडद्यावर एक रकाना आला, लाल चांदणी लावलेला.

"पर्यायी संपर्क व्यक्ती," झेरॉक्सवालीने वाचलं. "तुम्ही भेटला नाहीत तर कुणाला फोन करायचा? नाव, नातं, नंबर."

"मी भेटेनच. मी कुठे जाणार?"

"हो, पण हा रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही."

ताई बैठकीत अकरा माणसांसमोर बोलली होती, पण या एवढ्याशा चौकटीने तिला गप्प केलं. बावन्न वर्षांत एक नंबर जमू नये! झेरॉक्सवालीने हळूच विचारलं, "भाऊ आहेत ना तुम्हाला?"

"आहे."

घरी येऊन तिने दादाला फोन लावला. त्याला सगळं सांगताना ती मधेच थांबत होती. तो ऐकतोय की नाही ते कळत नव्हतं.

"म्हणजे सरकारी कागदावर माझं नाव?" तो म्हणाला.

"नुसतं नाव आणि नंबर, दादा. सहीसुद्धा नाही."

"अगं, उद्या माल वेळेवर गेला नाही तर मला विचारणार. तुला या वयात हे उद्योग सांगितले कुणी? विकून टाक ते सगळं, आणि..." त्याला पुढचं सुचलं नाही. "ये आमच्याकडे" असं म्हणण्याची ती जागा होती. तीही दोन क्षण थांबली. मग तो म्हणाला, "बरं बरं, बघ तू," आणि फोन ठेवला.

तिने चहा टाकला, तो गाळायचा राहिला. कडूजहर झाला तसाच प्यायली.

अर्जाला तीन दिवस उरले होते. सकाळी ती पॉलिशवाल्या काकांच्या लेकीच्या घरी गेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. काका गॅलरीत स्टुलावर बसले होते. अंगाने निम्मे झाले होते, दम लागत होता. तिला पाहून उठायला गेले तर तिने खांद्याला धरून बसवलं. काकांनी काम सोडल्यापासून आपण एकदाही इथे आलो नाही, हे तिला त्या क्षणी टोचलं. येताना तिने बोलायचं सगळं मनात जुळवून आणलं होतं, त्यातलं काहीच तोंडातून निघेना.

"तुमचा फोन नंबर हवा होता," ती एकदम म्हणाली.

"एवढ्यासाठी आलीस?"

तिने रकान्याचं सांगितलं. भावाचं नाही सांगितलं, पण काकांनी ओळखलं असावं.

"नात्याच्या जागी काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"तेच कळत नाही."

"पॉलिशवाला लिही. त्यात लाज कसली?" मग लेकीला हाक मारून म्हणाले, "अगं, माझा नंबर सांग हिला. मला पाठ नाही. मला कोण फोन करतं?"

अर्ज गेला. महिनाभर काहीच कळलं नाही. मग एका दुपारी, लेथच्या आवाजात तिला फोन ऐकू आला नाही, आणि रुग्णालयाने काकांना लावला. ते धापा टाकत म्हणाले, "ती कारखान्यातच असणार, साहेब. दुसरीकडे कुठे असते ती? मी निरोप देतो." त्यांनी चार वेळा फोन केला. चौथ्या वेळी तिने उचलला.

तिचा दर तिसरा आला होता. सगळ्यांत खालचा दर एका मोठ्या पुरवठादाराचा होता, पण तिचा फार वर नव्हता. तोच दर मान्य असेल तर चारशे जोड्या तिच्या. पाच दिवसांत कळवायचं होतं. त्या दरात हाताशी फारसं काही उरत नव्हतं. काका फोनवर म्हणाले, "लाकूड एकरकमी घे, कापताना वाया जाऊ देऊ नकोस, आणि दोन बायका कामाला घे. पॉलिश मी शिकवतो. बसून शिकवायला दम लागत नाही."

तिने हो म्हणून कळवलं.

पुढचे चार महिने त्या लांबट खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या वस्तीतल्या दोघी जावा कामाला आल्या, एकीसारखी दुसरी बडबडी. काका आठवड्यातून दोन दिवस लेकीबरोबर येत, खुर्चीत बसून काठीनेच दाखवत, "तिथे अजून खरखरीत आहे. माणसाच्या हाताखाली राहणार ते, उगाच का?" जावा त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करत. ताई ओरडायची, आणि मग वळून हसायची.

माल पोचला तेव्हा भांडारपालाने प्रत्येक पन्नासातली एक जोडी बाजूला काढली, भार देऊन पाहिली, मूठ वरखाली करून पाहिली. एक जोडी त्याने परत केली. टोकाचा रबरी बूट सैल होता. तिला राग आला नाही. उलट चिठ्ठीच्या काळात कुणी कधी एवढं तपासलं नव्हतं, हे आठवून बरं वाटलं. बूट बदलून ती संध्याकाळी पुन्हा घेऊन गेली, तेव्हा त्याने सही केली.

पैसे यायला उशीर झाला, पण आले. पुढच्या वर्षीही तिला हिस्सा मिळाला, या खेपेला सहाशेचा. जावा टिकल्या. दादाला तिने कळवलं नाही. त्याला कुणाकडून तरी कळलं असावं. त्या वर्षी त्याचा फोन दोनदा आला.

एक गोष्ट मात्र तिने हिशेबात धरली नव्हती. पूर्वी तिचे सातही वार सारखेच जायचे. आता सहा दिवस खोलीत भांडणं, हसणं, चहाचे पेले, आणि रविवारी कुणीच नाही. रविवार लांबायचा. ती खाली उतरायची, भुसा झाडायची, झाडलेलंच पुन्हा झाडायची. जिना चढून वर जायची आणि वर काय करायचं ते आठवत नाही म्हणून पुन्हा खाली यायची.

अशाच एका रविवारी, अकराच्या सुमारास, तिने काकांना फोन लावला. उचलला लेकीने.

"झोपलेत ते. रात्री बराच खोकला होता. उठवू का?"

"नको नको, उठवू नका."

"काही निरोप होता का?"

"नाही," ताई म्हणाली. "सहजच केला होता." पलीकडे भांडी वाजत होती, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. लेकीने घाईत "ठेवू मग?" विचारलं. ताईने "हो, ठेवा" म्हटलं, आणि तिकडचा आवाज बंद होईपर्यंत फोन कानाशी धरून ठेवला.