पहिली चूक की शेवटची

नोकरीवरून आल्यावर मी सांगलीत घरी बसून एका लायब्ररीसाठी फुकट कोड लिहायचे. लायब्ररी पुस्तकांची नव्हे, इतर प्रोग्रॅमना वापरता येईल अशा तयार कोडची. जगभरच्या लोकांनी मिळून चालवलेला प्रकल्प होता तो. कुणीही यावं, कोड वाचावा, बदल सुचवावेत. कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामान यांची बंद खोली. ती खोली उभारणं, चालवणं आणि शेवटी मोडणं हे आमच्या लायब्ररीचं काम. माझ्याकडे चुकांचा भाग होता. मध्येच काही बिघडलं, तर वापरणाऱ्याला काय सांगायचं ते मी ठरवायचं.

मी सोपं केलं होतं. खोली उभी राहिली नाही, तर अर्धवट उभारलेलं मुकाट्यानं मोडायचं आणि 'कंटेनर सुरू झाला नाही' एवढं सांगायचं. माझा कोड तपासणारा एक गृहस्थ होता. नावाच्या जागी दोन अक्षरं, फोटोच्या जागी करडा चौकोन. त्यानं खाली इंग्रजीत लिहिलं, 'का झाला नाही?' मी चिडून एकूण एक पायरीची माहिती संदेशात कोंबली. त्याचं उत्तर आलं, 'हे वाचणार कोण?' हा थंड देशातला, निवृत्तीला आलेला आणि घरात कुणी बोलत नाही म्हणून माझ्या मागे लागलेला म्हातारा असणार, असं मी ठरवून टाकलं.

आमचं खरं वाजलं ते पुढच्या मुद्द्यावर. समजा, मेमरी कमी पडली म्हणून कंटेनर सुरू झाला नाही, आणि मग आवराआवर करताना एक फोल्डरही पुसता आला नाही. चुका दोन झाल्या. सांगायची कोणती? माझा कोड शेवटची सांगायचा, म्हणजे फोल्डरची. तो म्हणाला, पहिली सांगा, मूळ दुखणं तेच. मी विचारलं, मग तो राहिलेला फोल्डर काढणार कोण? लिहिता लिहिता दोघांचं इंग्रजी फारच सभ्य व्हायला लागलं, तेव्हा बाकीच्यांनी सुचवलं, एकदा बोलून घ्या.

कॉल लागला. तो 'गुड इव्हिनिंग' म्हणाला, तेवढ्यात मागून एका बाईंचा आवाज आला, "आरं, मोटार चालू केलीस का न्हाई? लाइट आलीया कवाची."

"आगं आई, मिटिंगमधी हाय मी. करतो की," माइक बंद न करताच तो म्हणाला, आणि लगेच मला इंग्रजीत 'सॉरी'.

मी मराठीत म्हटलं, "आधी मोटार चालू करून या. मी थांबते."

तो मोटार चालू करून आला आणि म्हणाला, "तुमी कुठल्या?"

"सांगलीची. तुम्ही?"

"वडूजचा." मग म्हणाला, "मला वाटलं, तुमी जर्मन असाल. लय कडक लिहिता."

काही दिवसांनी चुलतभावाच्या लग्नाचा बस्ता बांधायला तो घरच्यांबरोबर सांगलीला आला. इंटरनेटवरच्या माणसाला भेटायला निघालेय म्हटल्यावर माझे वडील मार्केट यार्डातलं हळदीचं काम टाकून स्कूटरवर माझ्या मागे येऊन बसले. कृष्णेच्या घाटाजवळ चहाच्या गाड्यावर भेटलो. म्हातारा कसला, माझ्याहून लहान होता. दुकानातून निसटून आला होता आणि दर पाच मिनिटांनी त्याला फोन येत होता.

वाद तिथं मिटला. पहिली चूक कारणासकट वर सांगायची, आवरताना झालेल्या चुका तिच्याखाली जोडायच्या. मोबदल्यात त्यानं माझं एक ऐकलं. जे पुसायला गेलो ते आधीच गेलेलं असेल, तर ती चूक धरायची नाही.

वडील इतका वेळ ऐकत होते. त्यांनी विचारलं, "एवढं भांडायचा पगार कोण देतं तुम्हाला?"

"कुणीच न्हाई, काका."

"छान चाललंय," वडील म्हणाले आणि त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

नवी आवृत्ती बाहेर पडली आणि लगेच तक्रार आली. सगळं सुरळीत झालं, तरी लायब्ररी चूक झाली म्हणते, आणि ती चूक रिकामी असते. चुका जोडण्याच्या नादात, काहीच चुकलं नाही तर काय, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. मी त्याला फोन केला.

"ताई, ती ओळ तुमची हाय."

"आणि ती पास कुणी केली?"

मागून त्याच्या आईनं विचारलं, "कुनासंगं भांडतूयास रं?"

"सांगलीच्या ताई हायत."

"मग त्यांचंच खरं असंल," त्या म्हणाल्या.

दुरुस्ती मी केली, चाचण्या त्यानं लिहिल्या. प्रकल्पातल्या एकानं आमचे आभार मानले आणि काळजीनं विचारलं, हल्ली तुमचे वाद दिसत नाहीत, सगळं ठीक आहे ना? वाद होते तेवढेच होते. फक्त आता ते फोनवर आणि मराठीत व्हायचे.