तांडेलचाचांचे पाऊणपट गणित

तांडेलचाचांच्या मनगटावर घड्याळ कधीच नसे. नेरूळच्या आमच्या सोसायटीत कुणी त्यांना वेळ विचारली, की ते उलट विचारीत, "चांद कितवा?" त्या तारखेत एक मिळवून पाऊणपट केली, की भरती किती वाजता ते त्यांना कळे, तिच्या सहा तास आधी ओहोटी. जन्मभर लाँच हाकलेल्या या अलिबागकराचे गणित चुकल्याचे कुणी ऐकले नव्हते.

मी घाटावरचा, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारा आणि पंचेचाळिशीपर्यंत पाण्याला व डोंगराला सारखाच भिऊन राहिलेला. "सर, पुस्तकातच किती फिरनार? सकाळी पायी किल्ला, दुपारी सागरगड. मी हाय ना!" असे म्हणून एका रविवारी त्यांनी मला पहाटेच्या अलिबाग एस.टी.त बसवलेच. मोतीबिंदूमुळे त्यांना चंद्राची कोर दिसत नव्हती, म्हणून त्यांनी मला चांद विचारला. मी आदल्या रात्री भिंतीवरचे कॅलेंडर पाहून ठेवले होते. म्हणालो, "तीन."

नऊ वाजता ओल्या वाळूवरून आम्ही कुलाबा किल्ल्यात पोचलो. आपण समुद्राच्या तळावरून चालत आलो, या कल्पनेनेच मी हरखून गेलो! तटावरून चाचांनी मला जुने बंदर दाखवले. तासाभराने बाहेर येतो, तो वाट पाण्याखाली. "लवकर फिरलं कसं?" चाचा पुटपुटले. हात धरून आम्ही निघालो. पाणी मांड्यांना लागले, आणि मला चक्क मजा वाटत होती.

शेजारून जाणारा घोडागाडीवाला ओरडला, "काय तांडेल, भरती इसरलास?"

काठावर चाचा मटकन बसले. "वय झालं, सर. आता कुनाला पान्यात न्यायचं नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कॅलेंडरवरची तिथी सांगितली होती. कोर दिसल्यावर महिना मोजणाऱ्या चाचांच्या हिशेबी तृतीया म्हणजे चांद दोन. माझ्या तीनमध्ये त्यांनी सवयीने एक मिळवला, आणि पाऊण तास तिथेच बुडाला. चारचौघांत माझी जीभ नेहमी अडखळते, तरी काठावर थांबलेल्या गाडीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "चूक माझी आहे! चाचांचं गणित बरोबर होतं!"

चाचा पाहतच राहिले, मग खो-खो हसले. "एवढा आवाज इतकी वर्षं कुठं ठेवला होता, सर? चला, डोंगर बाकी हाय."

ओल्या विजारींनीच आम्ही सागरगड चढलो.

पुढे चाचा अलिबागला परतले आणि हौशी माणसांना ओहोटीत किल्ल्यात नेत राहिले. त्यांच्या अखेरच्या आजारात मी भेटायला गेलो, तर ते सुनेला सांगत होते, "सरांना जाऊ देऊ नको. सकाळी यांना किल्ल्यात घेऊन जायचंय."