झबल्याचा झ

छबूबाई साळवे प्रार्थनेला बसली की एक डोळा मिटायची आणि दुसरा उघडा ठेवायची. चाळीस वर्षांपूर्वी सोनईच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांची प्रार्थना फार लांबली होती, आणि तेवढ्या वेळात बाहेर काढलेल्या तिच्या नव्या चपला कुणीतरी पळवल्या. तेव्हापासूनची ही सवय. प्रभूवर तिचा पूर्ण भरवसा होता. शंका होती ती प्रभूच्या माणसांवर. दूधवाल्याच्या मापात तिला पाणी दिसे. गॅसची टाकी ती दोन्ही हातांनी हलवून पाहिल्याशिवाय आत घेऊ देत नसे. पाळकसाहेब कुणाच्या घरी जास्त वेळ बसले, तर तिथे काय शिजतंय याचा छडा लावेपर्यंत तिला घास गोड लागत नसे.

नवरा पुंजाराम अगदी उलट. कारखान्यावर रखवालदार असूनही कुणावर संशय घेणं त्याला जन्मात जमलं नाही. रोज दिवेलागणीला हातपाय धुऊन तो शास्त्राचं जाड पुस्तक मांडीवर घ्यायचा आणि ओळीवर बोट फिरवत एक अध्याय वाचायचा. दुसऱ्या दिवशी पुढचा. शेवटचं पान आलं की पुन्हा पहिल्यापासून. अशी चौतीस वर्षं गेली. छबूबाईला अक्षरओळख नव्हती. ती समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायची आणि ऐकायची. ऐकून ऐकून सगळं शास्त्र तिच्या कानांत बसलं होतं. पुंजाराम कुठे अडखळतो, कुठे त्याचा आवाज चढतो, कुठल्या अध्यायाला किती शेंगा होतात, हे तिला पाठ होतं.

पुंजारामला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा करण टेम्पो चालवायचा, आठवड्यातले पाच दिवस बाहेरच. म्हणून वाचन सुनेकडे आलं. स्नेहल नगरची, बारावी शिकलेली, हाताची कसबी. ओसरीवर तिचं शिलाई मशीन होतं. बायकांचे ब्लाउज शिवायची आणि बाजारातल्या एका दुकानाला तान्ह्या बाळांची झबली-टोपडी पुरवायची. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. वाचन झालं की प्रार्थना छबूबाई करायची, मोठ्याने, आणि तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. “प्रभू, या घरात पाळणा हलू दे.” मग उघड्या डोळ्याने ती पाहायची, सून आमेन म्हणते की नाही. स्नेहल म्हणायची. हळू म्हणायची, पण म्हणायची.

नाताळ झाला, नवं वर्ष लागलं आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर आलं. दुसऱ्याच आठवड्यात गडबड झाली. देश सोडून निघालेल्या त्या म्हाताऱ्या जोडप्याची वंशावळ स्नेहल वाचत होती, आणि छबूबाईचा शेंग फोडणारा हात जागीच थांबला. इथे काहीतरी यायचं, ते आलंच नाही. पुंजाराम इथे थांबून घसा खाकरायचा. स्नेहल सरळ पुढे निघून गेली.

छबूबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शिलाईचं काम पडलं असेल, उरकायची घाई असेल, म्हणून हिने ओळ गाळली. कापडाची कातरणं करता करता ही बया आता देवाच्या शब्दाचीही करायला लागली! स्नेहल भाकरी टाकायला उठली, तशी छबूबाईने मशीनखालचा लाल दोऱ्याचा तुकडा उचलला आणि पुस्तकातली फीत होती त्याच पानात दडवून ठेवला. पुरावा हाताशी असलेला बरा.

तीन आठवडे होत नाहीत तोच दोन बहिणी एकाच नवऱ्याला दिल्या त्या गोष्टीत पुन्हा तेच झालं. या वेळी हिरवा दोरा.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. मशीन चालवताना स्नेहलचे ओठ हलायचे. आवाज नाही, काही नाही, नुसते ओठ. छबूबाई सुई शोधायच्या निमित्ताने जवळ गेली आणि सुनेच्या कानांत ते मोबाईलचं बोंडुक आहे का, ते दोन्ही बाजूंनी पाहून आली. नव्हतं. म्हणजे ही फोनवर बोलत नव्हती. मग कुणाशी बोलते? सून असं तोंडातल्या तोंडात बोलते ती सासूबद्दलच, असं छबूबाईचं ठाम मत झालं. ती जवळ गेली की ओठ बंद व्हायचे, त्यामुळे उरलीसुरली शंकाही फिटली.

अशात एक दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या रुपाली बाई हातात यादी घेऊन दारात आल्या. साक्षरता वर्गासाठी नावं गोळा करत होत्या.

“मावशी, सही येते का?”

“अंगठा येतो.”

“मग वर्गात नाव घालू का? दुपारी दोन तास.”

“पुस्तक वाचाया कवा यील?”

“सहा-सात महिन्यांत येईल की.”

“त्याच्या आदी न्हाई का जमायचं?”

रुपाली बाईंना या वयातल्या या तळमळीचं फार कौतुक वाटलं. तळमळ कशाची होती, ते छबूबाईने सांगितलं नाही.

घरी तिने सांगितलं, शेजारच्या इमामबीकडे पापड लाटायला जाते. इमामबीही त्याच वर्गात बसत होती, तेव्हा हे खोटं अर्धंच आहे, असं तिने प्रभूला आधीच सांगून टाकलं. शाळेच्या भिंतीवर तक्ता होता. क कमळाचा, ख खटाऱ्याचा. एकेक अक्षर ती पकडलेल्या चोराकडे पाहावं तसं निरखून पाहायची. सगळ्यात जास्त दमवलं ते झने. तक्त्यावर गुलाबी झबलं होतं आणि शेजारी हे गाठी मारलेलं अक्षर. हाताला वळेना. छबूबाई हट्टाला पेटली आणि तिने वहीचं अख्खं पान नुसत्या झने भरलं. “वर्गात सगळ्यात देखणा झ छबूमावशींचा,” रुपाली बाई म्हणाल्या. वही तिने उशीखाली ठेवली.

उन्हाळा गेला. पुस्तकात तो अंगात बळ असलेला गडी जन्माला आला, आणि त्याच्या आईपाशी पुन्हा ओळ गळली. पिवळा दोरा. त्यानंतर आली ती परक्या देशातल्या सुनेची गोष्ट, नवरा मेला तरी सासूला न सोडणारी. ती स्नेहलने इतकी छान वाचली की छबूबाई शेंगा फोडायची विसरली. पण दुसऱ्या दिवशी स्नेहलने पुस्तक उघडलं, आणि देवळात रात्री एकट्या झोपलेल्या मुलाला देव हाका मारतो तिथूनच सुरुवात केली.

“आगं, हे पोरगं देवळात आलं कुठनं?” छबूबाईने विचारलं. “त्याच्या आईचं काय झालं?”

स्नेहलचा चेहरा उतरला. “पानं चिकटली असतील, आत्या.” इकडच्या रीतीप्रमाणे सासूला ती आत्याच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबूबाईने पानं बोटांनी चाचपून पाहिली. एकही चिकटलेलं नव्हतं. म्हणजे सून आता तोंडावर खोटं बोलत होती, तेही शास्त्र मांडीवर घेऊन. तिने करणला फोन लावला. “रविवारी लवकर ये. तुज्या बायकोचं काय ते तुज्याम्होरंच काढायचं हाय.” पुंजारामची श्रीगोंद्याला दिलेली बहीण दोन वर्षं तिच्या कानाशी लागली होती, की या सुनेला माहेरी धाडा आणि पोराचा विचार करा. छबूबाईने आजवर तिला धूप घातली नव्हती. पण करणसमोर एकदा खोटी ठरलेली सून पुढे कशाकशात खोटी धरली जाईल, हे तिला कळत होतं. कळूनही तिने फोन केला.

शुक्रवारी स्नेहल अस्तर आणि बटणं आणायला एसटीने नगरला गेली. छबूबाईने कडी लावली, चष्मा पुसला आणि पुस्तक उघडलं. लाल दोऱ्याचं पान. ओळ शोधायला तिला कष्ट पडलेच नाहीत. समासात शिंप्याच्या निळ्या खडूच्या दोन बारीक रेघा होत्या, कापड बेतताना मारतात तशा. इथून इथपर्यंत कापायचं. चोर सापडला, असं म्हणून तिने बोट टेकवलं आणि दोन रेघांमधलं वाचायला घेतलं. त्या म्हाताऱ्याच्या बायकोचं नाव लागलं. पुढचा शब्द दोनच अक्षरी होता. व. वला काना, वर टिंब. आणि मग ते गाठी मारलेलं अक्षर, पानभर गिरवलेलं. झबल्याचा झ.

छबूबाईने बोट उचललं. हिरव्या दोऱ्याच्या पानावर गेली. तिथेही निळ्या रेघा, आणि त्यांच्यामध्ये तोच शब्द. पिवळ्या दोऱ्याच्या पानावर तोच. तिला आता अक्षरं जुळवावी लागत नव्हती, शब्द लांबूनच ओळखू येत होता. पुंजाराम तिथे घसा का खाकरायचा, तेही तिला कळलं. लग्न झाल्यावर करण व्हायला तिला नऊ वर्षं लागली होती. त्या नऊ वर्षांत हा शब्द तिला कुणी कुणी ऐकवला होता, त्या सगळ्यांची तोंडं तिला एकदम आठवली. आणि इतकं सोसलेली बाई आपण, हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याची तिला मनापासून लाज वाटली.

मग तिने देवळातल्या त्या मुलाच्या आईचा भाग उघडला. दोन अध्यायांच्या कडेने सरळ निळी रेघ होती. एवढं मोठं तिने कधी वाचलं नव्हतं. दुपार तिथेच गेली. मूल नसलेली एक बाई. घरात तिला रोज टोचून बोलणारी दुसरी. ती बाई देवळात जाऊन रडते, मनातल्या मनात मागणं मागते. तिचे नुसते ओठ हलतात, आवाज फुटत नाही. आणि दारापाशी बसलेला म्हातारा याजक तिच्या तोंडाकडे टक लावून बघतो आणि म्हणतो, ही प्यायलेली आहे.

ती ओळ छबूबाईने चार वेळा वाचली. पुंजारामच्या तोंडून ती तिने कितीदा तरी ऐकली होती, आणि दर वेळी तिला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता. आज स्वतःच्या बोटाने वाचताना तिला मशीन दिसलं, हलणारे ओठ दिसले, आणि सुनेच्या कानांत डोकावणारी एक म्हातारी दिसली. रोज टोचून बोलणारी कोण, तेही तिला सांगावं लागलं नाही. सात वर्षं, रोज संध्याकाळी, प्रभूचं नाव घेऊन, मोठ्याने. तिला रडू आलं. कडी लावलेली होती म्हणून ती पोटभर रडली.

प्रार्थना करायला तिने हात जोडले, पण काय म्हणावं ते सुचेना. आयुष्यभर तिने प्रभूकडे लोकांच्या तक्रारी नेल्या होत्या. आज पहिल्यांदा तक्रार तिच्या स्वतःबद्दल होती.

रविवारी करण लवकर आला. आईच्या फोनचं त्याने बायकोला सांगितलं असावं. स्नेहल दिवसभर खाली मान घालून वावरत होती. संध्याकाळी ती पुस्तक घ्यायला उठली.

“आण हिकडं,” छबूबाई म्हणाली. “आज मी वाचते.”

करणला वाटलं आई थट्टा करते. स्नेहलने पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं, आणि सासूने ते कुठे उघडलं ते पाहून ती भिंतीला टेकली. छबूबाईने बोट ठेवलं. ती बाई देवळात येते तिथून ती वाचू लागली, रडतखडत, एकेक अक्षर लावत. याजकाने केलेली चूक तिने सगळ्यांत स्पष्ट वाचली. मग मूल झाल्यावर त्या बाईने गायलेलं गाणं आलं, आणि गाण्याच्या मध्ये तो शब्द आला. तो तिला दोन ओळी आधीच दिसला होता. तिथे तिचं बोट जरा थांबलं, तिने घसा खाकरला, आणि बोट पुढच्या शब्दावर गेलं.

करणला काही कळलं नाही. तो आईच्या बोटाकडे बघत तोंड उघडं टाकून बसला होता.

वाचन संपलं आणि छबूबाईने प्रार्थनेसाठी डोळे मिटले. दोन्ही. “प्रभू, वठ हललेले पाहून मी भलतंच समजले,” ती म्हणाली. “मला माफ कर. आनि जिला मी दुखवलं, तिला बळ दे.” एवढंच म्हणून ती थांबली. ठरलेलं वाक्य आलंच नाही. आमेन कुणी म्हटलं आणि कुणी नाही, हे त्या संध्याकाळी तिने पाहिलं नाही.

“आई, माझ्याम्होरं काय काढायचं हुतं?” करणने विचारलं.

“हेच. मला वाचाया येतंय.”

करण हसत सुटला आणि आईचा पराक्रम मित्रांना सांगायला बाहेर गेला. स्नेहल पुस्तक जागेवर ठेवायला वाकली. तिचे डोळे भरले होते.

“आत्या, गाण्यात एक शब्द राहिला तुमचा.”

“राहिला आसंल,” छबूबाईने शेंगांचं सूप पुढे ओढलं. “झ लई अवघड हाय. मला यायचा न्हाई तो.”

स्नेहलने उशीखालची वही दोन महिन्यांपूर्वीच पाहिली होती, आणि झने भरलेलं ते पानही. पुस्तक तसंच हातात धरून ती सासूच्या शेजारी खाली बसली, आणि तिचे ओठ हलू लागले. छबूबाई मान वर न करता शेंगा फोडत राहिली.