पाखऱ्याच्या छकड्यावरचा कॅमेरा

दिवाळीच्या सुट्टीत मेहुण्याचं कार्ड आलं: 'निपाणीजवळ पाठलागाचं चित्रण आहे. येता का, दाजी?' मेहुणा वसंता कोल्हापूरच्या एका चित्रपट कंपनीत कॅमेरा फिरवतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझी चित्रं जागची हलत नाहीत आणि त्याची धावतात, यावरून घरात माझी भरपूर चेष्टा होते. ती धावतात तरी कशी, हे एकदा बघावंच म्हणून मी पिशवी भरली.

कोल्हापूर ते निपाणी सर्व्हिस मोटार आहे. तिची सुटायची वेळ म्हणजे ती ठासून भरायची वेळ. जाणार असाल तर ड्रायव्हरशेजारची जागा आधी धरा. मी मागं बसलो आणि निपाणीत उतरलो तेव्हा धुळीनं भुवयांसकट पांढरा झालो होतो. वर तंबाखूच्या वखारींच्या वासानं लागोपाठ सात शिंका. "दोन दिसांत सवय हुतीया, पावणं," खानावळवाला म्हणाला आणि भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी पुढं केली. आठ आण्यांचं मोटारभाडं तिथंच वसूल झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तवंदी घाटाच्या पायथ्याशी, माळावर चित्रण सुरू झालं. मूकपटाची गोष्ट साधी: नायकानं खलिता घेऊन, दरवाजे बंद व्हायच्या आत किल्ला गाठायचा, मागं दरोडेखोर. वसंतानं आधी कॅमेरा टेकाडावर चढवला. खाली घोडेस्वार मुंगीएवढा.

"एवढंसं कोण बघणार?" मी विचारलं.

"पल्ला किती लांबचा आहे ते आधी कळू दे, दाजी. माणूस जवळ आणायची घाई करायची नाही."

मग चेहरा जवळून घेतला. घोडा जागेवर उभा, दोन माणसं खोगीर गदागदा हलवतायत, आणि नायक घाबरून मागं बघतोय. मला हसू आवरेना. पण वसंता म्हणाला, "अंतर लांबून कळतं, भीती जवळून." हे मात्र मी मनात टिपून ठेवलं. आता उरलं तिसरं: प्रेक्षकालाच घोड्याबरोबर पळवायचं. कंपनीची मोटार त्या दगडांवर इतकी खडखडली, की चित्र पुसट येणार हे उघड होतं. दिग्दर्शक गावात चौकशी करून आले आणि मोटारीऐवजी छकडा, तोही भरमाण्णांचा, असं पक्कं झालं.

भरमाण्णा म्हणजे गावातले पन्नाशीचे जैन शेतकरी. त्यांचा शर्यतीचा, दगडांवरही अलगद पळणारा हलका छकडा आणि त्याला डावीकडून जुंपायचा पाखऱ्या बैल पंचक्रोशीत ठाऊक. त्यांच्या हातात चाबूक नसतो. "मुक्या जीवाला मारून पळवायचं म्हंजे पापच की," म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते आले ते पाखऱ्याची शिंगं रंगवून, पाठीवर भरजरी झूल टाकून. मागं अर्धी गल्ली.

"औंदाची शर्यत झाली की पाखऱ्याला जुपणार न्हाय. वय झालं त्येचं," ते वसंताला म्हणाले. "येकदा चित्रात ऱ्हाऊ दे. दिसंल न्हवं?"

वसंता स्क्रू आवळत होता. "दिसेल, दिसेल."

कॅमेरा छकड्यात बसणार आणि त्याचं तोंड घोड्याकडे असणार, बैलांकडे नाही, हे मला कळत होतं. पण ते छकडा घेऊन परत गेले तर दिवस बुडेल, म्हणून मी मूग गिळून बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

ठरलं होतं ते असं, की छकड्यानं घोड्याच्या बाजूनं पळायचं. पण घोड्याचं तोंड कानाशी आलेलं दिसताच पाखऱ्या जो सुटला, तो नायकाला मागं टाकूनच थांबला. तीनदा हेच.

"अण्णा, जरा मागं राहा!" दिग्दर्शक ओरडले.

"त्यास्नी मागं ऱ्हायाला कुणी शिकिवलंच न्हाय, सायेब!"

शेवटी वसंतानंच कॅमेरा मागं वळवला. बैल पुढं पळू देत, घोडा आपल्या अंगावर येऊ दे. वसंताला दोरानं छकड्याला बांधलं आणि निघाले. मधे पावसाच्या पाण्यानं कापलेली एक ओघळ आडवी होती. पाखऱ्या ओघळ उतरून जात नाही, उडी मारतो. छकडा हवेत उचलला गेला, वसंताची टोपी उडाली, पण हँडल फिरवणारा हात थांबला नाही.

"घोडेस्वार चौकटीबाहेर गेला! तेवढा तुकडा कापावा लागणार," दिग्दर्शक वैतागले.

भरमाण्णांनी कॅमेऱ्यातून बघू का विचारलं. वाकून बराच वेळ बघितलं. समोर मागची रिकामी वाट.

"ह्यात पाखऱ्या कुठं हाय?"

मीच म्हणालो, "नाही, अण्णा. कॅमेरा मागं बघतो. बैल पुढं असतात."

"सकाळीच का बोलला न्हाईसा, मास्तर?"

त्यांनी झूल काढली, घडी घातली आणि बैल घराकडे वळवले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर पंधरा दिवस बसून मी पाखऱ्याचं चित्र काढलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो मूकपट बेळगावला लागला. चित्राची गुंडाळी घेऊन मी आधी भरमाण्णांच्या दारात. "दुसऱ्याचा घोडा बघाय कशाला येऊ?" म्हणाले. त्यांच्या बायको आक्काच मदतीला आल्या. "मास्तर येवडं आल्यात. जावा की."

घाट चढून संकेश्वरला मोटार थांबते. तिथं पाय मोकळे करून घ्या, पुढं बेळगावपर्यंत हाडं खिळखिळी होतात. भरमाण्णा सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून किल्ल्याच्या खंदकाकाठी बसून दिवसाउजेडीच आक्कांनी बांधून दिलेल्या भाकऱ्या खाल्ल्या, वर बाजारातला गोड कुंदा. मग थिएटर.

पडद्यावर मुंगीएवढा घोडेस्वार आला. लोक गप्पा मारत होते. मग तो घाबरलेला चेहरा, आणि गप्पा थांबल्या. खोगीर हलवणारी माणसं मलाही आठवली नाहीत. पुढच्याच क्षणी घोडा सरळ आमच्या अंगावर, आणि आम्ही सगळे त्याच्यापुढं पळतोय! पडद्याशेजारी वाजणारी पेटी थांबली, तबला चढला. आणि अचानक अख्खा पडदा वर उचलला जाऊन दाणकन खाली आला. थिएटर किंचाळलं. वसंतानं दिग्दर्शकांशी भांडून तो तुकडा ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

भरमाण्णांनी माझं मनगट आवळलं. "मास्तर, ओघळ! पाखऱ्यानं उडी मारली!" ते उभेच राहिले. "ह्यो बघा, डावीकडनं वढतोय! त्योच हाय!"

"अहो, खाली बसा!" मागून लोक ओरडले. कुणालाच बैल दिसत नव्हता. त्यांना दिसत होता, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी निपाणीत पोचल्यावर पटकासुद्धा न उतरवता ते गोठ्यात गेले. पाखऱ्या कडबा खात होता. त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "लोक वराडली रं तुझ्यापायी."

मग मी माझी गुंडाळी उलगडली. त्यांनी चित्र उजेडात धरलं. "शिंगं बेस काढलाईसा. वशिंड बी झ्याक." मग गुंडाळी करून माझ्या हातात परत दिली. "पर मास्तर, ह्यात त्यो हुबा हाय. तितं पळतोय. तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे."

ते चित्र आमच्या ओसरीवर लावलंय. वसंता आला की अजून चेष्टा करतो, पण आता मी चिडत नाही. निपाणीला गेलात तर भरमाण्णांना जरूर भेटा. भाकरी खाऊ घालतील आणि ओघळीची गोष्ट सांगतील. म्हणाल्याप्रमाणे यंदाच्या शर्यतीला त्यांनी पाखऱ्याला जुंपलं नाही. माझ्या चित्रात तर तो पहिल्यापासून उभाच आहे.