मंडप उभा झाला, शाळा बंदच

ग्रुपमधल्या सगळ्यांनो, घरी जायच्या आधी सावली गावातल्या नेट कॅफेत बसून हे लिहून राह्यली आहे. नाई लिहिलं तर झोप येणार नाई.

दुपारी माहेरी गेली होती. मागच्या महिन्यात ऐन थंडीत वादळ आलं, गारा पडल्या, तेव्हा तिथल्या शाळेच्या छपराचे कवेलू फुटले. तेव्हापासून शाळेला कुलूप आहे. माझ्या भावाची चौथीतली पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन अंगणात उभी होती. दप्तर कुठी आहे, हे तिलेच आठवत नव्हतं.

त्याच वादळात नाटकाचा मंडपही आडवा झाला होता. धान निघाला की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं होतात, तुम्हाले माहीत आहे. तो मंडप गावानं दुसऱ्याच दिवशी उभा केला. घरटी एक माणूस आला. कोणी बांबू आणले, कोणी टिनाचे पत्रे ठोकले. माझा भाऊ सगळ्यात पुढे.

मी त्याले विचारलं, "मंग शाळेवर काऊन नाई चढले तुम्ही?"

तो आरामात म्हणाला, "शाळा सरकारची आहे, बाई. नाटक आपलं आहे."

बाजूला बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं.

"अन् पोरगी? ते कोणाची आहे?"

त्यानं रात्रीच्या नाटकाचं पुढच्या रांगेतलं तिकीट माझ्या हातात ठेवलं. ते तिथंच खाटेवर टाकून मी निघाली.

तुमच्या गावची शाळा कोणाची आहे, तेवढं खरं खरं सांगा.