सिद्धूतात्याची वडाप जीप

शेळगावच्या सिद्धू कोकरेनं सव्वीस वर्षं वडाप चालवलं. शेळगाव ते बारामती, जीप भरली की निघायचं. आत बारा, मागं लोंबकळणारे चार. बापानं मेंढरं विकून घेऊन दिलेली ती जीप सिद्धूपेक्षा वयानं थोडीच लहान होती.

बायको, सारजा, गेल्यावर त्यानं सहा महिने फेऱ्या मारल्या, मग एक दिवस मारल्याच नाहीत. जीप चिंचेखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या तेव्हा त्यानं ती इंदापूरच्या भंगारवाल्याला देऊन टाकली. आता तरी हा रडेल असं गावाला वाटलं. तो घरात जाऊन जेवायला बसला.

त्याला बरीच वर्षं झाली. यंदा जानेवारीत बारामतीहून कुणा ऋषिराजचा फोन आला. जुन्या गाड्या जपणाऱ्यांचा क्लब होता त्यांचा. भंगारातली जीप त्यानं दोन वर्षं खपून उभी केली होती आणि जुन्या कागदावर सिद्धूचं नाव वाचलं होतं.

"तात्या, रविवारी क्लबाची सहल आहे. बावड्याला पेरूच्या बागेत जेवण. तुमची जीप तुम्हीच चालवायची."

"बरं," सिद्धू म्हणाला. नाही म्हणायला त्याला कारण सुचलं नाही.

रविवारी तो एसटीनं बारामतीला गेला. फियाट, अॅम्बेसेडर, साईडकारची मोटारसायकल, अशा चौदा गाड्या ओळीनं लावलेल्या होत्या आणि लोक त्यांच्यापुढं फोटो काढून घेत होते. जीपला मिलिटरीचा हिरवा रंग दिलेला. सिद्धूनं तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"काय वाटतंय, तात्या?"

"बरी केलीया."

ऋषिराज शेजारी बसला. त्याची बायको निकिता मागच्या डाव्या बाकड्यावर बसली. गाड्या एकामागं एक निघाल्या. ऋषिराज मोबाईल पुढं धरून जुन्या गोष्टी विचारत होता आणि सिद्धू सांगत होता: भर लग्नसराईत नवरीच्या मांडीवर बसवलेलं परकं पोर, बाकड्याखाली कोंबलेली शेळी. ऋषिराज पोट धरून हसत होता. सिद्धूला त्यात हसण्यासारखं काय ते कळत नव्हतं, पण विचारलं की तो पुढची गोष्ट सांगायचा.

लासुर्णं आलं आणि त्यानं जीप कडेला घेतली.

"काही बिघडलं का?"

"न्हाय." त्यानं मागं वळून बघितलं. "ताई, तुमी त्या बाजूला सरकून बसा."

"का हो?"

"तितं माझी मंडळी गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली. म्हणाली, आधी फेरी करून या, लोकं खोळंबल्यात. मी फेरी केली. मग तिला घातली अन् निघालो. हितं ती बोलायची थांबली. मी बारामतीपत्तोर एकटाच बोलत गेलो."

निकिता पलीकडं सरकली. ऋषिराजनं मोबाईल खिशात घातला. अकरा वर्षांत सिद्धूनं हे तोंडातून काढलं नव्हतं. आता आत काहीतरी होईल म्हणून तो स्टिअरिंग धरून थांबला. काही झालं नाही. मागच्या फियाटनं हॉर्न दिला, तसा त्यानं गिअर टाकला.

बावड्याला बागेत भरीत, भाकरी, जिलबी होती. क्लबानं त्याला शाल-नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला लावलं. "गाड्या चांगल्या ठेवल्यात. जेवण बी चांगलं झालं," तो म्हणाला. टाळ्या झाल्या.

निकिता ताट घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली. "फेरी केली नसती तरी कदाचित…" एवढंच म्हणाली.

"आसंल," सिद्धू म्हणाला.

परतताना त्यानं जीप ऋषिराजला चालवू दिली आणि आपण वाटेत शेळगावला उतरला. अंधार पडायच्या आत छकुलीचा फोन आला. ही त्याची एकुलती लेक, हडपसरला दिलेली.

"कशी झाली सहल?"

"बरी झाली." त्यानं शाल-नारळ खाली ठेवला. "छकुले, तुझी आई गेली त्या दिशी मी आधी फेरी केली. तिला तशीच घरी ठिवून."

"मला ठावं हाय, आबा. आईनंच मला फोन केला हुता. म्हणाली, त्यांना म्याच धाडलंय, तू काय बोलू नगंस."

सिद्धू ओट्यावर बसला.

"मग इतकी वर्षं बोलली न्हाईस?"

"तुमी तरी कुठं बोललात?"

सिद्धूनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तिनं विचारलं, "जेवायला काय हुतं?"

"भरीत," तो म्हणाला. "जिलबी बी हुती."